एका कडेची मोजदाद

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच माथा. पण एव्हरेस्टची बरोबरी करायची तर अशा पाच कळसूबाई एकावर एक रचाव्या लागतील, आणि तरीही सहाशे मीटर कमी पडतील. हिमालयात याहून कितीतरी उंचावर बाजार भरतात, शाळा भरतात, एसट्या थांबतात. त्यामुळे सह्याद्रीत हिंडणारा माणूस उत्तरेकडच्या गिर्यारोहकांपुढे आपल्या डोंगरांबद्दल बोलताना आवाज जरा खाली घेतो. तसं करायचं काही कारण नाही. उंचीची पट्टी लावली की सह्याद्री लहानच दिसणार. त्याला पट्टी लावायची ती रुंदीची. किती थोड्या जागेत किती घडतं हे मोजायला बसलं, की या डोंगरासमोर मान आपोआप वर होते.

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीच्या जवळपर्यंत पश्चिम घाट सुमारे १६०० किलोमीटर पसरला आहे. या सगळ्या लांबीत मोठी अशी एकच फट, केरळातली पालघाटची. युनेस्कोच्या नोंदीत या डोंगररांगेचं क्षेत्रफळ साधारण १ लाख ४० हजार चौरस किलोमीटर आहे. भागाकार केला तर सरासरी रुंदी निघते ८७ किलोमीटर. मुंबई-पुणे अंतर याच्यापेक्षा जास्त आहे. तीही पायथ्याच्या टेकड्या, पठारं, सोंडा सगळं धरून. खरी कड, म्हणजे जिथे देश संपतो आणि कोकण सुरू होतं ती घाटमाथ्याची रेघ, कित्येक ठिकाणी चार पावलांची आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलं, की छाती देशावर असते आणि नजर कोकणात.

त्या कड्याचेच आकडे घेऊ. सरळ तुटलेला, मधे आत वळलेला हा कातळ अंदाजे पाचशे मीटरचा आहे. पायथ्याचं बेलपाडा त्याच्याही खूप खाली. हवेचा अडथळा सोडून दिला तर माथ्यावरून निसटलेला दगड दहा सेकंद नुसता पडत राहील आणि शेवटी त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरपर्यंत जाईल. म्हणूनच वरून गंमत म्हणून दगड भिरकावणाऱ्यांना जुने ट्रेकर हात धरून थांबवतात. खाली नळीच्या वाटेने कुणीतरी वर येत असतं. याच कड्यावर १८३५ साली कर्नल साइक्सने ढगात उमटलेलं पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिल्याचं सांगतात, त्यालाच आपण इंद्रवज्र म्हणतो. पाठीशी सूर्य, समोर खाली ढग आणि मधे मोकळा उभा माणूस अशी जुळणी जमायला असाच कडा लागतो. साध्या डोंगरउतारावर ती सहसा जमत नाही.

आता या कड्याचा दगड. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसॉल्टवर उभा आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आलेला लाव्हा. आज दख्खनचा हा थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे. मुळात तो याच्या तिप्पट पसरला असावा असा अंदाज आहे. एकूण लाव्हा किमान दहा लाख घन किलोमीटर तरी असावा, असं भूशास्त्रज्ञ मानतात. हा आकडा वाचून मनात काहीच उमटत नाही, तेव्हा तो जमिनीवर पसरून बघू. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर. तेवढ्यावरच हा सगळा लाव्हा ओतला, तर गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सव्वातीन किलोमीटर जाडीचा थर बसेल. कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट.

हे सगळं ओतलं जायला वेळ किती लागला? अलीकडच्या कालमापनानुसार मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला. म्हणजे सरासरीने वर्षाला किमान एक घन किलोमीटर. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की त्यात १०५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ तीन घन किलोमीटर पाणी असतं. दर तीन वर्षांनी एक अख्खा शिवसागर भरून तापता लाव्हा, आणि असे तीन लाखांहून अधिक शिवसागर! अर्थात तो असा नेमाने येत नव्हता. एखादा प्रचंड लोंढा यायचा, मग हजारो वर्षं शांतता. त्या शांततेत वरचा दगड झिजून, कुजून माती व्हायची आणि पुढचा लोंढा त्या मातीला भाजून काढायचा. कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाचा एक पट्टा दिसतो, ती ही भाजलेली माती. कड्यावर एकावर एक पायऱ्यांसारखे थर दिसतात तो एकेक लोंढा. ज्या आडव्या पट्टीवरून आपण जपून ट्रॅव्हर्स मारतो, ती बहुधा दोन लोंढ्यांमधली मऊ जागा असते. मऊ म्हणून ती आधी झिजली आणि आपल्याला पाय ठेवायला वाट मिळाली.

या लाव्ह्याची धाव कुठवर गेली, ते मला यातलं सर्वांत थक्क करणारं वाटतं. आंध्रात, पूर्व किनाऱ्याजवळच्या राजमहेंद्रीला बेसॉल्टचा एक सुटा तुकडा आहे. त्याची रासायनिक घडण सह्याद्रीतल्या महाबळेश्वरकडच्या थरांशी जुळते. म्हणजे पश्चिमेकडे बाहेर पडलेला लाव्हा तेव्हाच्या दऱ्याखोऱ्यांतून सुमारे एक हजार किलोमीटर वाहत पूर्व समुद्रापाशी गेला. पृथ्वीवर ज्ञात असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते. आज त्याच राजमहेंद्रीजवळून गोदावरी वाहते, आणि तीही सह्याद्रीतूनच निघालेली. दगड गेला त्याच दिशेने कोट्यवधी वर्षांनी पाणी गेलं.

आणि हे सगळं घडलं तेव्हा ही जमीन इथे नव्हती. भारताचा भूखंड तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज जिथे रियुनियन बेट आहे त्या उष्ण ठिकाणावरून सरकत होता. रियुनियन दक्षिणेला २१ अंशांवर, मुंबई उत्तरेला १९ अंशांवर. चाळीस अंशांचा हा फरक म्हणजे साडेचार हजार किलोमीटर. आपला राकट, काळा, अस्सल मराठी सह्याद्री दक्षिण गोलार्धात जन्मला आहे.

कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत बेसॉल्टच लागला, आणि त्याखाली दोनशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट. जो डोंगर आपल्याला अनादी वाटतो, तो त्या खालच्या दगडाच्या मानाने कालपरवाचा आहे.

आता पाणी. सह्याद्रीचं अरुंदपण खरं कळतं ते पावसात. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा कोकणातल्या सखल पट्टीवरून सरळ चालत येते आणि एकदम भिंतीला धडकते. काही किलोमीटरांत तिला एक किलोमीटर वर चढावं लागतं. वर जाताना ती साधारण सहा अंशांनी थंड होते, बाष्प धरून ठेवण्याची तिची ताकद कमी होते आणि जे धरवत नाही ते ती घाटमाथ्यावर टाकून मोकळी होते. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो दोन हजारांच्या आत येतो. घाट उतरून वाईला आलात की सातशे-आठशे. आणखी पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, सातारा. एका टोकाला चार महिने घरांना गवताच्या झडी बांधून राहायचं, दुसऱ्या टोकाला जनावरं चारा छावणीवर न्यायची. सकाळी महाबळेश्वरहून निघालेली एसटी दुपारच्या आत हा बारा पटींचा फरक पार करते.

सहा हजार मिलिमीटर म्हणजे किती, हे एका चौरस किलोमीटरवर मांडून पाहा. साठ लाख घनमीटर, अर्थात सहाशे कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर सहा लाख टँकर. ते एकामागे एक, प्रत्येकाला दहा मीटर जागा देऊन उभे केले तर रांग सहा हजार किलोमीटरची होईल. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाऊन परत जवळजवळ काश्मीरला पोचेल. हे एका चौरस किलोमीटरचं आणि एका वर्षाचं पाणी आहे. मला इथे टँकरच घ्यावासा वाटला, कारण याच घाटमाथ्यावरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत खरोखरचे टँकर येतात. बेसॉल्ट घट्ट दगड आहे. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांत आणि दोन लोंढ्यांमधल्या सांध्यांत, आणि उतार असा की बाकीचं थांबतच नाही. ऑगस्टमध्ये ज्या बाईच्या दारातून ओहोळ वाहतो, ती मे महिन्यात त्याच दारातून हंडा घेऊन दरीत उतरते. किल्ले बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून जवळपास प्रत्येक गडावर आधी कातळात खोदलेली टाकी दिसतात आणि मग तटबंदी.

२२ जुलै २०२१. या दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लंडनला वर्षभरात साधारण एवढा पाऊस पडतो. पुन्हा तोच हिशेब लावला तर प्रत्येक चौरस किलोमीटरवर अहोरात्र दर दीड सेकंदाला एक टँकर रिता होत होता. एका हेक्टर उतारावर त्या दिवशी जवळजवळ सहा हजार टन पाण्याचा भार आला. त्याच दिवशी घाटाखाली, महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी २०१४ च्या जुलैत आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गाडलं गेलं होतं, सुमारे दीडशे माणसांसह. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. आकड्यांचा अचंबा वाटणं आणि त्या आकड्यांखाली माणसं राहतात हे विसरणं, या दोन गोष्टी एकत्र येऊ नयेत. धबधब्यांचे फोटो ज्या आठवड्यात सर्वांत सुंदर येतात, त्याच आठवड्यात पायथ्याच्या वाड्या रात्री जागून काढतात.

पडलेल्या थेंबाचं पुढे काय होतं, तेही या अरुंद कडेवरच ठरतं. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला थेंब हातभर पश्चिमेला सरकला तर सावित्रीत उतरतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. तोच हातभर पूर्वेला गेला तर कृष्णेत. समुद्र पाठीमागे जेमतेम ६४ किलोमीटरवर असताना कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने न अडता वाहिलं, तर सावित्रीचा थेंब दुसऱ्या दिवशी समुद्रात असेल आणि कृष्णेचा सतराव्या दिवशी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघालेल्या गोदावरीचीही तीच गोष्ट: समुद्र ८० किलोमीटरवर, प्रवास १४६५ किलोमीटरचा. पठार पूर्वेकडे कललेलं आहे, एवढंच कारण. कृष्णेचा उतार सरासरीने किलोमीटरमागे एक मीटरचाही भरत नाही. इतक्या हलक्या उतारावरून संथ जाते म्हणून तर तिच्या काठाने ऊस, देवळं आणि घाट उभे राहिले.

हे ज्याला कळलं त्याच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहणार नाही: पूर्वेला चाललेलं पाणी कडेवरून पश्चिमेला सोडलं तर? १९१५ मध्ये खोपोलीला टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली सोडलं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. कोयनेत तेच मोठ्या प्रमाणावर झालं. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे साठलेलं पाणी बोगद्यांतून डोंगर पार करून पोफळीच्या भूमिगत वीजघरात पावणेपाचशे मीटर खाली येतं. भौतिकशास्त्राचं गणित सांगतं, की एवढ्या उंचीवरून पडणारं एक हजार लिटर पाणी एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज देतं. फक्त एक युनिट! पण पाणीवाटप लवादाने या कामासाठी पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी आहे, म्हणजे जवळजवळ दोनशे कोटी घनमीटर. एकेक युनिट जोडत सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉटवर गेली. याची किंमत कोयना खोऱ्यातल्या ज्या गावांनी घरंदारं, शेतं पाण्याखाली घालून मोजली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. जलाशयाच्या भाराशी आणि भेगांत शिरलेल्या पाण्याशी जोडल्या गेलेल्या भूकंपांत कोयनेचं नाव आज जगभर घेतलं जातं.

विजेचं हेच गणित स्वतःच्या पायांना लावून बघण्यासारखं आहे. बारी गावातून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत आठशे-साडेआठशे मीटरची उभी चढण आहे. दुबईतली बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे, तेव्हा शिड्या चढून वर पोचलेल्या माणसाने जगातली सर्वांत उंच इमारत पायी चढल्यासारखंच झालं. साठ किलोच्या माणसाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध एवढं शरीर वर नेलं, की होणारं काम विजेच्या मापात साधारण एका युनिटचा सातवा हिस्सा भरतं. धाप, घाम, गुडघेदुखी, सगळं धरून दहा वॉटचा एक दिवा चौदा तास जळेल एवढं. शरीर मात्र त्यासाठी चौपट ऊर्जा जाळतं, पाचशेच्या आसपास कॅलरी. शिखराच्या वाटेवर ताक आणि लिंबूसरबत विकणारी माणसं हेच काम डोक्यावर ओझं घेऊन रोज करतात. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा.

जिवांच्या बाबतीत तर ही कड आणखी बारीक होत जाते. देशाच्या जमिनीच्या सहा टक्क्यांहून कमी भागावर पश्चिम घाट आहे, पण देशातल्या वनस्पती, मासे, बेडूक-सरडे, पक्षी, सस्तन प्राणी यांच्या तीस टक्क्यांहून अधिक जाती इथे सापडतात. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या ३९ ठिकाणांपैकी चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. कासचं पठार अवघं दहा चौरस किलोमीटर आणि त्यावर साडेआठशेच्या वर जातींच्या वनस्पती. अख्ख्या ब्रिटनमध्ये मूळच्या म्हणाव्यात अशा वनस्पती सुमारे दीड हजार भरतात. आणि कासवर माती तरी आहे कुठे? जांभ्याच्या सड्यावर काही बोटं मातीचा पापुद्रा, त्यात पोषण इतकं कमी, की दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती किडे पकडून भूक भागवतात. कारवीसारखं झुडूप सात-आठ वर्षं थांबून एकदाच फुलतं, बी टाकतं आणि मरतं.

आंबोलीत याहून बारीक जागा आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, २०२० मध्ये त्याला हिरण्यकेशीचंच नाव देऊन शास्त्रात नोंदवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी राज्याने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. सव्वापाच एकर. तिथेच आसपास एक भेक आहे, आंबोलीखेरीज जगात दुसरीकडे तो ज्ञात नाही. दहा लाख घन किलोमीटर दगड ओतला गेला तेव्हा कुठे हे दोन हेक्टरांचं घर तयार झालं.

या अरुंद कडेवर माणसाच्या चालण्याचा इतिहासही दाटीने बसला आहे. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणाऱ्या नाणेघाटात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन काळातल्या गुहेच्या भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ केले, दानं दिली, गाई दिल्या, कार्षापण दिले, असा तपशील, आणि त्या दानांचे आकडे हजारांत. भारतात शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथली आहेत. त्यांत शून्य नाही, स्थानानुसार किंमतही नाही. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं, आणि चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला आलेले हजारो लोक या गुहेत पाऊस चुकवायला शिरतात. त्यांतल्या किती जणांची नजर भिंतीकडे जाते, कुणास ठाऊक. मला तर सह्याद्रीच्या आकड्यांबद्दल बोलायचं आणि हा लेख वगळायचा, हे पाप वाटतं.

आणि आता रविवारचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत मुंबई आणि पुणे या दोन महानगर परिसरांची लोकसंख्या मिळून २ कोटी ३४ लाख होती. त्यांतला हजारात एकच माणूस पावसाळ्यातल्या एका रविवारी डोंगराकडे निघाला, असं धरू. झाले तेवीस हजार. घाटमाथ्यावरची वाट बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या रुंदीची असते. माणशी एक मीटर अंतर ठेवलं तर ही रांग तेवीस किलोमीटरची होते. कुठल्याही गडाची चढण एवढी लांब नाही. पण माणसं निघतात ती मोजक्याच ठिकाणी: लोहगड, राजमाची, हरिहर, कळसूबाई, देवकुंड, अंधारबन. लोहगडाच्या दरवाजांत पावसाळी रविवारी माणसं तासन्‌तास अडकून पडल्याचं अलीकडेच सगळ्यांनी पाहिलं. हरिहरच्या त्या प्रसिद्ध खोदीव पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कुणालाच मागे सरकता येत नाही. कासवर म्हणूनच फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली आहे, आणि मला ती योग्य वाटते. दहा चौरस किलोमीटर ऐकायला मोठं असलं तरी पाऊल पडतं ते त्या बोटभर मातीवर.

धबधब्यांच्या गर्दीचा एक आकडा तर प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. गुडघाभर पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहत असेल, म्हणजे चांगला भरभर चालणारा माणूस जेवढा चालतो त्याच्या दुपटीने, तर दोन पायांवर मिळून चाळीस-पन्नास किलो वजनाइतका आडवा जोर येतो. वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वर डोंगरात एक जोराची सर आली की खालच्या ओढ्यात हे काही मिनिटांत घडतं, आणि खाली तोवर कदाचित ऊनही असेल. जून २०२४ च्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं अशी वाहून गेली. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या पथकांतली मुलं आपापली कामं सोडून रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. त्यांच्या वाट्याला येणारी बरीच कामं टळण्यासारखी असतात.

महाराष्ट्रात साडेतीनशेच्या आसपास किल्ले मानले जातात. जलदुर्ग आणि भुईकोट वगळून डोंगरावरचे दोनशेच धरले, तरी ते तेवीस हजार लोक त्यांवर सारखे वाटले तर एका गडावर शंभर-सव्वाशे माणसं येतात. एवढी माणसं गड आरामात पेलतो, पायथ्याच्या गावात एवढ्यांना भाकरी-पिठलंही मिळतं, आणि हा पैसा एकाच गावात न साचता दोनशे गावांत जातो. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांतला साल्हेर १५६७ मीटर उंच आहे, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. बागलाणात त्याच्या शेजारीच सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड उभे आहेत. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडावा लागतो, वनखात्याची परवानगी काढावी लागते आणि ११६५ चौरस किलोमीटरच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मुक्काम करता येत नाही, म्हणून संध्याकाळच्या आत परतावं लागतं. एवढ्या अटींमुळेच ते जंगल अजून जंगल आहे. रविवार टाळता येत असेल तर मंगळवारी जावं. पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत घ्यावा, त्याची मजुरी तो सांगेल ती द्यावी. पाण्याची बाटली रिकामी झाली की सॅकमध्ये परत ठेवावी, कारण तेवीस हजार बाटल्या हाही एका रविवारचाच आकडा आहे.